आरसी ट्रकची फुटलेली बॉडी: आधी प्लास्टिक ओळखा, मग आकार, गोंद त्यानंतरच

मागच्या उन्हाळी सुट्टीत शेजारचा एक मुलगा आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या ट्रकची बॉडी हातात घेऊन दारात उभा राहिला. बंपरपासून निघालेली चीर पुढच्या काचेपर्यंत गेली होती आणि तिच्यावर तीनदा फेविक्विक ओतलेलं होतं. "काका, चिकटवतो तिथं फुटत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूलाच फुटतंय." त्यानं अगदी बरोबर पाहिलं होतं. गोंद धरत होता, प्लास्टिक फुटत होतं. काचेवर फेविक्विकच्या वाफेचा पांढरा थरही बसला होता आणि तो शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ बॉड्यांची हीच गत असते. अपघातात जितकं नुकसान होतं त्याहून जास्त दुरुस्तीत होतं, आणि त्याला दोनच कारणं असतात. प्लास्टिक कोणतं आहे हे न बघता हाताला लागेल तो गोंद लावला जातो, किंवा सगळं बरोबर असतं पण क्रम उलटा असतो: आधी चिकटवायचं आणि मग वाकडं सरळ करायला गरम करायचं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. एखादा टप्पा तुमच्या बॉडीला लागू नसेल तर सोडून द्या, पण मागचा पुढे आणू नका.

## टप्पा १: प्लास्टिक ओळखा

आरसी ट्रकच्या बॉड्या ढोबळमानानं तीन प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात.

पहिली पॉलिकार्बोनेटची, जिला सगळे लेक्सान बॉडी म्हणतात. ही मुळात पारदर्शक असते, पत्रा साधारण पाऊण ते दीड मिलिमीटर, आणि रंग आतून मारलेला असतो. काच म्हणून वेगळा तुकडा नसतो, रंग न मारलेला भाग म्हणजेच काच. बोटानं दाबली तर दबते आणि परत येते. शर्यतीचे आणि उड्या मारणारे बहुतेक ट्रक याच बॉडीचे.

दुसरी कडक बॉडी, एबीएस किंवा पॉलिस्टायरीनची. ही साच्यात ओतलेली असते, दारांच्या फटी आणि हँडल ठसठशीत दिसतात, रंग बाहेरून असतो आणि काचा वेगळ्या बसवलेल्या असतात. दगडांवर हळू चढणारे, खऱ्या गाडीसारखे दिसणारे क्रॉलर आणि छोटे मालवाहू ट्रक बहुधा असे असतात.

तिसरी पॉलिप्रॉपिलिनची. स्वस्त खेळण्यांत ही सापडते. हात लावला की किंचित मेणचट लागते.

आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस, पीएस (पॉलिस्टायरीन), पीसी (पॉलिकार्बोनेट) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असं कोरलेलं सापडलं तर प्रश्नच मिटला. नसेल तर आतल्या काठावरून नखाएवढी किसळ कापा आणि पेल्यातल्या पाण्यात बोटानं बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. एबीएस, पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट तिन्ही तळाला जातात. किसळीला बुडबुडा चिकटला असेल तर तीही तरंगेल, म्हणून पाण्यात आधी साबणाचा एक थेंब टाका.

तळाला गेलेल्या किसळीवर ॲसिटोनचा थेंब टाका. चिकट होऊन विरघळायला लागली तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. पांढुरकी पडली, बारीक तडे दिसले तर पॉलिकार्बोनेट.

इशारा: ही परीक्षा कापलेल्या किसळीवरच करा, बॉडीवर नाही. पॉलिकार्बोनेटवर पडलेला ॲसिटोनचा एक थेंब कायमचा डाग ठेवतो.

पॉलिप्रॉपिलिनची बॉडी निघाली तर गोंदाच्या नादी लागू नका. घरातला कुठलाही गोंद तिला धरत नाही. तिच्यासाठी टप्पा ६ मधले टाके वापरा.

## टप्पा २: सामान जमवा, सगळं आधी

अर्ध्यावर काम सोडून दुकानात पळालं की गोंद सुकतो आणि बॉडी वाकडी राहते. सोलापुरात यातलं बहुतेक सगळं मिळतं, फक्त कुठं मागायचं ते माहीत हवं.

जाळीची टेप पीओपी आणि जिप्सम सीलिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. फायबरची पांढरी, एका बाजूनं चिकट असलेली ही टेप सीलिंगच्या बोर्डांच्या सांध्यांवर लावतात. "जिप्समच्या जॉइंटची जाळी" म्हटलं की लगेच देतात. एक रोल वर्षभर पुरतो. टेप नाहीच मिळाली तर मेडिकलमधली गॉझ पट्टी घ्या. मजबुती थोडी कमी, पण वळणावर ती जास्त छान बसते.

गोंदामध्ये लेक्सानसाठी वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा जाड पारदर्शक गोंद हवा. शू गू किंवा ई-६००० या नावानं येतो तो. हा बहुधा मागवावा लागतो, म्हणून बॉडी फुटायची वाट बघू नका, एक ट्यूब घरात असू द्या. कडक बॉडीसाठी ॲसिटोन, प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून. नेलपॉलिश रिमूव्हरवर विसंबू नका. काहींत ॲसिटोनच नसतं, काहींत तेल आणि सुगंध मिसळलेला असतो आणि जोड कच्चा राहतो.

बाकी किरकोळ: २ मिलिमीटरचं ड्रिल बिट आणि हातानं फिरवायचा दांडा, नवं पातं घातलेला कटर, नखं कापायची वाकडी कात्री, २२०, ४०० आणि ८०० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कपडे वाळत घालायचे चिमटे, सुती हातमोजे, लहान केबल टाय आणि हीट गन. हीट गन विकत घ्यायची गरज नाही, मोबाइल दुरुस्तीवाले किंवा फ्लेक्स-विनाइलवाले ओळखीचे असतील तर दोन तासांसाठी देतात.

आणि एक जुनी, पार मोडलेली बॉडी. ती टाकून देऊ नका. ठिगळं, वॉशर आणि हात बसवायचा सराव, सगळं तिच्यातून निघतं. कुणाला काही मागायचंच असेल तर मी आधी मोडकी बॉडी मागतो.

काय आणू नका: पेट्रोल, रंगाचा थिनर, ॲक्रिलिकच्या पाट्या जोडणारे वापरतात ते क्लोरोफॉर्म. क्लोरोफॉर्मनं जोड क्षणात लागतो म्हणून सल्ला देणारे भेटतील. पातळ लेक्सानला ते खातं, आणि बंद खोलीत तुमच्या अंगालाही बाधतं.

## टप्पा ३: धुवा, पुसा, मग बघा

जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा हिप्परग्याच्या बाजूला ट्रक पळवला की बॉडीच्या आत काळी माती बसते. ही माती वाळली की दगड होते आणि तिच्यातली रेती काचेवर ओरखडे काढते. घासू नका, भिजवा. बादलीत कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, त्यात बॉडी अर्धा तास उलटी बुडवून ठेवा. मग मऊ फडक्यानं पुसा. चिरेत अडकलेली माती जुन्या टूथब्रशनं, चिरेच्या लांबीच्या दिशेनं काढा. आडवा ब्रश मारला तर चिरेच्या कडा उचकतात.

धुतल्यावर लगेच कोरडी करा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आतल्या बाजूला राहिले की गोंद त्या डागांवर बसतो, प्लास्टिकवर नाही. वाळवायला सावलीत ठेवा.

माझी पहिली लेक्सान बॉडी मी पेट्रोलच्या फडक्यानं पुसली होती. ग्रीस छान निघालं, बॉडी चकचकीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बॉडी ट्रकवर अडकवायच्या क्लिपच्या चारही भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. भोकांशी प्लास्टिकवर आधीच ताण असतो, आणि पेट्रोल नेमकं ताणलेल्या जागी शिरतं. ती बॉडी पुढच्या पहिल्याच उडीत चारी भोकांतून फाटली. स्क्रू घट्ट राहावेत म्हणून वापरतात तो थ्रेडलॉकरही असंच करतो, त्यामुळे तो लावलेल्या स्क्रूजवळ बॉडी लगेच बसवू नका, आधी तो पूर्ण वाळू द्या.

आता उजेडात बघा. बॉडी दोन्ही हातांत धरून अगदी हलकी पिरगळा. एरवी न दिसणाऱ्या चिरा उघडतात. प्रत्येक चिरेचं टोक मार्करनं टिंब देऊन ठेवा. टोक सापडत नसेल तर नख फिरवा. नख जिथं अडकायचं थांबतं तिथं टोक समजू नका, त्याच्या पुढे दोन मिलिमीटर धरा. शेवटचा भाग डोळ्यालाही दिसत नाही आणि नखालाही लागत नाही.

## टप्पा ४: चिरेला थांबवा

लोक सर्रास गाळतात तो टप्पा हाच, आणि शेजारच्या मुलाची बॉडी पुन्हा पुन्हा फुटत होती ती यामुळेच.

चिरेचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं. बॉडीवर येणारा सगळा धक्का त्या एका टोकावर गोळा होतो आणि चीर पुढे सरकते. तिथं गोल भोक पाडलं की तोच ताण गोलाईभर पसरतो आणि चिरेला पुढे जायला टोकच उरत नाही.

१. खालून लाकडाचा ठोकळा टेकवा. अधांतरी प्लास्टिकमध्ये ड्रिल घुसलं की ते पकडतं आणि झटक्यात नवीन चीर काढतं.

२. टिंबावर कटरच्या टोकानं हलकी खूण करा, म्हणजे बिट घसरणार नाही.

३. दीड ते दोन मिलिमीटरचं भोक हातानं पाडा. मशीनचं ड्रिल वेगात फिरतं, प्लास्टिक वितळवतं, आणि भोकाच्या कडेला ठिसूळ कडी तयार होते.

४. भोकाच्या कडा गुंडाळलेल्या ४०० च्या पेपरनं गोल करा.

तपासा: बॉडी पुन्हा हलकी पिरगळा. चीर भोकाच्या पलीकडे उघडतेय का? उघडत असेल तर टोक चुकलं. पुढे दुसरं भोक पाडा. पहिलं तसंच राहू दे.

सोल्डरिंगच्या गरम टोकानं भोक पाडू नका. मिनिटात होतं खरं, पण वितळून गोठलेली कड असमान असते आणि पुढची चीर तिथूनच निघते.

## टप्पा ५: आकार परत आणा

भोकं पाडल्यावरच गरम करायचं, कारण वाकडी बॉडी सरळ करताना चिरेवर पुन्हा ताण येतो. आणि गोंद लावण्याआधीच गरम करायचं, कारण वाकड्या आकारात वाळलेला गोंद बॉडीला वाकडीच धरून ठेवतो.

आधी बॉडी दबलेली आहे की मुडपलेली, हे बघा. दबलेलं छप्पर आतून अंगठ्यानं दाबलं की टक् आवाज करून बाहेर येतं, त्याला उष्णता लागतच नाही. मुडपलेल्या जागी पांढरी रेघ असते, तिथं प्लास्टिक खरोखर वाकलेलं असतं.

### लेक्सान

पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंश सेल्सियसला मऊ पडतं. म्हणून उकळतं पाणी आणि केसांचा ड्रायर त्याला काही करत नाहीत. अर्धा तास ड्रायर मारून "होत नाही" म्हणणारे खूप भेटतात. हीट गनच हवी, आणि हीट गनच ते बिघडवते. कमी सेटिंगवरही तिची हवा ३०० अंशांच्या घरात असते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा शोषून घेतं. कारखान्यात ते साच्यावर ओढण्याआधी काही तास भट्टीत वाळवतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून जास्त तापवलं की आतला ओलावा वाफ होऊन बारीक बुडबुडे उठतात. ते नंतर जात नाहीत. तेव्हा पूर्ण मऊ करायच्या फंदात पडायचं नाही. नुकती लवायला लागली की थांबायचं.

१. स्टिकर काढा. गरम होऊन ते आक्रसतात आणि सुरकुत्या उमटतात. रंग आतून असल्यामुळे हवा नेहमी बाहेरून द्या.

२. आतून आधार लावा. मी जुन्या टर्किश टॉवेलची घट्ट वळकटी वापरतो. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा. हवा तो आकार वळकटी दाबून तयार होतो, आणि सुती कापड तापलं तरी चिकटत नाही. थर्मोकोल ठेवू नका, वितळून रंगावर बसतो.

३. गन पंधरा सेंटिमीटरवर धरा आणि हात सतत फिरता ठेवा. रंगाऱ्याचा ब्रश जसा चालतो तसा. एका जागी तीन सेकंद थांबलं की खड्डा पडलाच.

४. दर दहा सेकंदांनी गन बाजूला करून सुती मोजा घातलेल्या हातानं दाबून बघा. सुरुवातीला बॉडी दाबते आणि परत येते. मग एका क्षणी परत यायची थांबते. तो क्षण हाताला कळतो, सांगून कळत नाही, म्हणूनच आधी मोडक्या बॉडीवर चार-पाच वेळा करून बघा.

५. तो क्षण आला की गन बंद, वळकटीवर दाबून धरा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. दीड-दोन मिनिटं लागतात. मे महिन्यात त्याहून जास्त.

इशारा: घाईत वरून थंड पाणी ओतू नका. आकार बसल्यासारखा वाटतो, पण आत ताण गोठतो आणि पुढच्या धक्क्यात तिथंच तडकते.

तपासा: बुडबुडा दिसला, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला किंवा रंगाचा वास सुटला तर लगेच थांबा. उरलेला वाकडेपणा राहू दे. थोडी वाकडी बॉडी पळते, बुडबुडे आलेली बॉडी फुटते.

मुडपलेल्या जागेची पांढरी रेघ लेक्सानमधून पूर्ण जात नाही. ती जागा कायमची कमजोर झालेली असते, म्हणून टप्पा ७ मध्ये तिच्या मागे जाळी लावा, मग ती फुटलेली नसली तरी.

### कडक बॉडी

एबीएस आणि पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतात. हीट गननं यांचे हँडल आणि ग्रिलचे दांडे मेणासारखे लोळतात. इथं पाणी वापरा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, काचा आणि लोखंडी तुकडे काढलेली बॉडी मिनिट-दोन मिनिटं बुडवा, चिमट्यांनी लाकडी पट्टीला आवळा आणि गार होऊ द्या. एकदा पूर्ण सरळ झाली नाही तर तीनदा करा. एका बैठकीत जोर लावून सरळ केली की आतला बारीक नक्षीचा भाग तुटतो.

एबीएसवर वाकल्यामुळे आलेला पांढरेपणा मात्र उष्णतेनं बराच विरतो. केसांचा ड्रायर लांबून फिरवला तरी फरक दिसतो.

कडक बॉड्या वाकड्या होण्याचं आपल्याकडचं मोठं कारण अपघात नसून साठवण आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या बंद मोटारीच्या मागच्या काचेखाली, वर बॅग ठेवून बॉडी टाकली की ती हळूहळू बसते. चेसिसवरच, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्यावरच ठेवा, किंवा आत कागदाचे बोळे भरून खोक्यात. वर काही ठेवू नका.

## टप्पा ६: कापायचं ते आता कापा, आणि तात्पुरते टाके

मोठी चाकं बसवायची असतील तर चाकांच्या कमानी गोंदाच्या आधी कापा. कधी कधी अर्धी चीर कापल्या जाणाऱ्या भागातच असते आणि तेवढं काम वाचतं.

बॉडी बसवा, ट्रक हातानं पूर्ण खाली दाबा, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जिथं जिथं टायर घासतं तिथं खूण करा. नुसतं सरळ चाक बघून कापलेली कमान वळणावर घासतेच. खुणांवरून डब्याच्या झाकणानं गोल काढा आणि रेषेच्या तीन-चार मिलिमीटर आत, म्हणजे भोक लहान राहील असं कापा. उरलेलं पॉलिश पेपरनं. कापलेलं परत येत नाही.

लेक्सान कापताना कटरनं एकदम आरपार जायचं नाही. त्याच रेषेवर दोन-तीन वेळा हलकं ओढून खाच पाडा आणि मागे-पुढे वाकवा, कापडाची शिवण उसवावी तसं सुटत जातं. वळणावर वाकडी कात्री.

सगळ्यात महागडी चूक: कोपऱ्यात अणकुचीदार काटकोन सोडणं. दोन काप एकमेकांना मिळतात तिथं आधी पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि काप त्या भोकात येऊन संपवा. नाहीतर तुम्ही स्वतःच्या हातानं नव्या चिरेची जागा करून दिली. कापलेली प्रत्येक कड ४०० आणि मग ८०० च्या पेपरनं बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा.

मैदानातच बॉडी फाटली आणि दिवस वाया घालवायचा नसेल, किंवा बॉडी पॉलिप्रॉपिलिनची असेल, तर टाके घाला. चिरेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून पाच-सहा मिलिमीटरवर, समोरासमोर दोन मिलिमीटरची भोकं पाडा, दोन टाक्यांमध्ये दीड सेंटिमीटर अंतर ठेवा आणि लहान केबल टाय ओवून आवळा. गाठ आतल्या बाजूला. टोकाचं भोक इथंही विसरू नका. टाय इतके आवळू नका की कडा एकमेकांवर चढतील. असे टाके घातलेले ट्रक मी महिनोन्‌महिने पळताना पाहिलेत, आणि ते दिसतातही झकास.

## टप्पा ७: जोडणी

### लेक्सान: जाळी आणि रबरी गोंद

हे काम गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत करा. गोंदाची वाफ डोक्यात जाते. मुलं करत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं.

१. चिरेच्या कडा जुळवा आणि बाहेरून मास्किंग टेप ताणून लावा. आधी आडव्या छोट्या पट्ट्या, मग चिरेवर लांब एक. टेप घट्ट नसेल तर गोंद चिरेतून बाहेर येऊन काचेवर पसरतो.

२. आतून दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जागा २२० च्या पेपरनं खरखरीत करा. पोपडे धरलेला रंग पूर्ण खरवडा. पोपड्यावर लावलेला गोंद पोपड्यासकट निघतो. घट्ट रंग राहिला तरी चालतो.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. दहा मिनिटं थांबा. यानंतर त्या जागी बोट लावायचं नाही.

४. गोंदाचा पातळ हात द्या. त्यावर जाळी, चिरेच्या आणि टोकाच्या भोकाच्या पलीकडे किमान दोन सेंटिमीटर जाईल अशी. जाळीचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा उचलतो.

५. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून जाळी दाबा, म्हणजे गोंद जाळीच्या डोळ्यांतून वर येईल. मग वरून दुसरा पातळ हात.

६. चोवीस तास हात लावू नका. पूर्ण ताकद यायला अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास.

तपासा: जाळीचा प्रत्येक डोळा गोंदानं भरलेला दिसला पाहिजे. कोरडा पांढरा डोळा म्हणजे तिथं हवा आहे आणि तिथून जाळी सुटणार.

एक मोह आवरा. एकदा हे जमलं की अख्खी बॉडी आतून जाळीनं मढवावीशी वाटते. तसं करू नका. वजन छपराकडे वाढलं की ट्रक वळणावर आडवा होतो, आणि पुन्हा छपरावरच आपटतो. पुढचा बंपर, चारही कोपरे, चाकांच्या कमानी, पोस्टची (बॉडी जिच्यावर बसते त्या चेसिसवरच्या उभ्या खुंटीची) भोकं आणि पांढऱ्या रेघा, एवढंच. छपराच्या मध्यावर काही नाही.

तुकडाच गेला असेल तर जुन्या बॉडीतून तेवढाच वळणाचा तुकडा कापा, चहूबाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवा, आतून बसवा, आणि कडेनं जाळी द्या. एम-सील इथं चालत नाही. ते दगडासारखं घट्ट होतं, लेक्सान लवतं, आणि पहिल्या धक्क्यात अख्खा गोळा सुटून चेसिसमध्ये खडखडत बसतो.

### कडक बॉडी: तिच्याच प्लास्टिकचा लगदा

एबीएसला बाहेरून गोंद आणायची गरजच नाही. ॲसिटोनमध्ये ते विरघळतं आणि ॲसिटोन उडून गेलं की पुन्हा घट्ट होतं. त्यामुळे जोड चिकटवलेला राहत नाही, एकजीव होतो.

काचेच्या छोट्या बाटलीत एबीएसचे बारीक तुकडे अर्ध्यापर्यंत भरा, ॲसिटोन तुकडे बुडतील इतकं, झाकण घट्ट, रात्रभर ठेवा. सकाळी काडीनं ढवळून बघा: काकवीसारखी धार पडली पाहिजे. पातळ वाटलं तर तुकडे वाढवा, जाड वाटलं तर चार थेंब. तुकडे त्याच बॉडीचे किंवा तिचे सुटे भाग जिच्यात जोडलेले आले त्या चौकटीचे असतील तर रंगही जुळतो.

इशारा: ॲसिटोन भडकन पेटतं. स्वयंपाकघरात नाही, देवघराजवळ नाही, उदबत्ती जळत असताना नाही.

कडांना आधी काडीनं नुसतं ॲसिटोन फिरवा, अर्ध्या मिनिटात त्या मऊ होतील, मग दाबून जुळवा आणि चिमटे लावा. तासाभरानं आतून लगद्याचा थर द्या, हवं तर गॉझची पट्टी त्यात बुडवून. बाहेरची फट भरताना थोडा उंचवटा ठेवा. ॲसिटोन उडतं तसा लगदा खाली बसतो, आणि सपाट भरलेली फट दोन दिवसांनी खळगी होते. दोन-तीन दिवस वाळू द्या, मगच घासा. लोक दुसऱ्याच दिवशी घासून रंगवतात, आत अडकलेलं ॲसिटोन बाहेर येतं आणि रंगाला फोड येतात.

बॉडीच्या आत, न दिसणाऱ्या जागी, तुटलेला स्क्रूचा खांब उभा करायला मात्र एम-सील उत्तम. कडक बॉडी लवत नाही, त्यामुळे ते टिकतं.

## टप्पा ८: पोस्टची भोकं

फाटून लांबट झालेलं भोक नुसतं जाळीनं भरू नका. मोडक्या बॉडीतून रुपयाच्या नाण्याएवढी चकती कापा, मधोमध पोस्टपेक्षा एक मिलिमीटर मोठं भोक पाडा आणि आतून रबरी गोंदानं बसवा. पोस्ट चकतीच्या भोकात सैल फिरला पाहिजे. घट्ट भोक म्हणजे बॉडी प्रत्येक धक्क्याला पोस्टवर ओढली जाणार.

बॉडीच्या खाली पोस्टवर स्पंजची चकती ओवा. जुन्या चपलेच्या तळव्यातून कापली तरी चालते.

## टप्पा ९: रंग

लेक्सानला आतून, पॉलिकार्बोनेटसाठीच असलेला स्प्रे. गाड्यांच्या टच-अपचा साधा रंग लवत नाही, पोपडे होऊन गळतो. गडद रंग आधी, फिका नंतर, शेवटी मागून पांढरा किंवा चंदेरी हात. काच असेल तिथं आधी मास्किंग. रबरी गोंदावर रंग नीट बसत नाही, म्हणून खरवडलेली जागा रंगवायची असेल तर टप्पा ७ मध्ये गोंदाच्या आधी तेवढा हात मारून एक दिवस वाळवून घ्या.

कडक बॉडीला बाहेरून: ४००, मग ८०० चा पेपर पाण्यात भिजवून, प्रायमर, आणि तीन-चार पातळ हात.

आपल्या हवेत वेळ सांभाळा. मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंशांत स्प्रे मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि रंग रवाळ बसतो. सकाळी सात-आठच्या आत उरका. लूमच्या गल्लीत राहत असाल तर कापसाचे तंतू हवेत असतात, ते ओल्या रंगावर बसतात. तिथं खोक्यात बॉडी ठेवून मारा आणि लगेच वरून झाका.

## टप्पा १०: बसवून बघा

क्लिप लावण्याआधी बॉडी नुसती पोस्टवर ठेवा. चारही भोकं एकाच वेळी, न दाबता बसली पाहिजेत. एखादं भोक ओढून बसवावं लागत असेल तर तिथूनच पुढची चीर निघणार. त्या बाजूचा पोस्ट खालीवर करा, आणि तरीही जमत नसेल तर त्या भोकाला अर्धा मिलिमीटर रीमरनं (भोक मोठं करायच्या निमुळत्या हत्यारानं) वाढवा.

ट्रक पूर्ण दाबा, चाकं दोन्ही बाजूंना वळवा, टायर कुठं घासत नाही ना ते ऐका. मग दहा मिनिटं सपाट जागेवर, उड्या न मारता पळवा. घरी आल्यावर बॉडी काढून आतून प्रत्येक जाळीच्या कडेवर नख फिरवा. कुठं उचललेली सापडली तर तेवढीच कड कापून काढा, पुन्हा २२०, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा गोंद. शेजारच्या मुलाच्या बॉडीची डावी कड अशीच एकदा उचलली होती. दुसऱ्या खेपेला ती त्यानंच लावली, मी फक्त बाटली धरून बसलो होतो.